कॅम्पर व्हॅनचा आतला नकाशा: जेवणाचं टेबल कुठे बसवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात घोडबंदर रोडला राहणारं चौघांचं कुटुंब: नवरा-बायको, अकरा वर्षांची मुलगी आणि गुडघेदुखी असलेली आजी. ३,७०० मिमी व्हीलबेसची (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर), टेम्पो ट्रॅव्हलरच्या आकाराची बंद व्हॅन कॅम्पर, म्हणजे राहता-झोपता येईल अशी गाडी, म्हणून तयार करून घ्यायची आहे. ड्रायव्हरच्या सीटमागून मागच्या दारांपर्यंत पत्र्यापासून पत्र्यापर्यंत लांबी ३,९०० आणि रुंदी १,७२० मिमी. घरात सगळ्यात उंच माणूस ५ फूट ६ इंच. अमेरिकन व्हिडिओंत दिसते तशी मागच्या टोकाला यू आकाराची जेवणाची बैठक हवी आहे, कारण मागची दारं उघडली की समोर समुद्र दिसेल. हे योग्य आहे का?

तुमच्या कुटुंबासाठी नाही. टेबल पुढे, ड्रायव्हरच्या मागे उजव्या बाजूला घ्या. गाडीत ती एकच जागा तीन कामं करते: धावताना बसण्याची, थांबल्यावर जेवणाची, रात्री झोपण्याची. म्हणून ती आधी ठरवायची आणि बाकीचं सामान तिच्याभोवती बसवायचं. बहुतेक जण बेड आणि टॉयलेट आधी ठरवतात, उरलेल्या जागेत टेबल कोंबतात आणि मग सीट बेल्टचा पट्टा लावून बसायला जागाच उरत नाही.

अमेरिकेतल्या नकाशांबद्दल दोन गोष्टी लक्षात घ्या. तिथे गाडी उजव्या बाजूने चालते, त्यामुळे चढण्याचं दार उजवीकडे असतं. आपल्याकडे ते डावीकडे. तो नकाशा आरशात धरल्यासारखा उलटा केल्याशिवाय वापरला, तर स्वयंपाकाचा ओटा दाराच्या तोंडावर येतो. दुसरी गोष्ट रुंदीची. त्या गाड्या १०२ इंच, म्हणजे साधारण २,५९० मिमीपर्यंत रुंद असतात. शिवाय अनेकींत बैठकीचा अख्खा भाग थांबल्यावर बाहेर सरकतो. तुमच्या १,७२० मधून दोन्ही भिंतींचं इन्सुलेशन आणि पॅनेल मिळून ६० मिमी जातील. हातात राहतात १,६६०. सगळी गणितं याच आकड्यावर करा. गाडीची बॉडी बांधणारा फॅब्रिकेटर पत्र्याचं माप सांगतो आणि सुतार आत आल्यावर कळतं की मधला चालायचा बोळ सहा सेंटिमीटरने अरुंद झाला.

आता मागची यू बैठक का नको. तिचे दोन बाक भिंतीला समांतर असतात, म्हणजे बसणारा आडवा बसतो. ब्रेक लागला किंवा टक्कर झाली तर आडव्या बसलेल्या माणसाला पट्टा नीट धरू शकत नाही. चालत्या गाडीत ती बैठक वापरायचीच नाही असं धरलं, तर मुलगी आणि आजी बसणार कुठे? त्यांच्यासाठी पुढे वेगळ्या सीट बसवाव्या लागतील. त्यात जवळजवळ एक मीटर लांबी जाईल आणि ती जागा बाकीच्या वेळी रिकामी राहील. शिवाय हीच बैठक रात्री बेड होणार असल्याने आजीला नऊला झोपायचं असेल तर सगळ्यांनी नऊलाच उठायचं. मागचा भाग रस्त्यावर जास्त उसळतो हा मुद्दा त्यानंतरचा. दोघांचंच कुटुंब असेल, दोघंही पुढच्या सीटवर बसून प्रवास करत असतील, तर मात्र मागची यू बैठक खरंच सुंदर असते. त्यांनी ती जरूर घ्यावी.

तुमच्यासाठी मांडणी अशी. पुढून मागे जाताना उजव्या बाजूला १,८२० मिमीची जेवणाची बैठक, मग ७८० मिमीचं टॉयलेट, आणि शेवटी आडवा बेड १,३०० मिमी. एकूण ३,९००. मागच्या दारांच्या आतल्या अस्तराचे ३० मिमी बेडमधून वजा करा. डाव्या बाजूला दाराचे १,००० मिमी, नंतर ८२० मिमी जवळजवळ मोकळी जागा, मग ७८० मिमीचा ओटा, आणि बेड.

डावीकडची ती मोकळी जागा बघून कोणीतरी नक्की म्हणेल की ओटा दारापर्यंत वाढवा, दीड मीटर मिळेल. तसं करू नका. बैठकीची रुंदी १,०५० मिमी आहे. तिच्यासमोर ४५० मिमी खोल ओटा आला तर मध्ये फक्त १६० मिमी उरतात, माणूस जाऊच शकत नाही. बोळ किमान ५०० हवा. नकाशा वरून बघताना प्रत्येक वस्तू सुटी-सुटी बरोबर दिसते. चूक असते ती समोरासमोर येणाऱ्या दोन वस्तूंच्या बेरजेत. म्हणून गाडीच्या लांबीवर दर ३०० मिमीला एक आडवी रेघ मारा आणि प्रत्येक रेघेवर डावी वस्तू अधिक बोळ अधिक उजवी वस्तू अशी बेरीज लिहा. ओटा आणि टॉयलेट समोरासमोर येतात तिथे ४५० अधिक ७०० जाऊन ५१० राहतात. ते चालतं.

ओट्याला जागा कमी पडेल, त्यावर उपाय म्हणजे दाराच्या दिशेला बिजागरीवर ३०० मिमीची फळी. चिरायला, वाढायला उचलायची, नंतर खाली पाडायची. ७८० मिमीमध्ये एक इंडक्शन आणि ३५० मिमीचं सिंक बसतं, खाली ड्रॉवरवाला छोटा फ्रिज.

बैठकीची मापं नीट समजून घ्या, कारण इथे पाच सेंटिमीटरही महाग पडतात. पुढचा बाक मागे तोंड करून असेल, त्याची खोली ५०० आणि पाठीची उशी ६०. मागचा बाक पुढे तोंड करून, खोली ५०० आणि पाठीमागची पट्ट्याची लोखंडी फ्रेम ८०. मध्ये पायांसाठी ६८०. बेरीज १,८२०. बसण्याची उंची गादी दाबली गेल्यावर ४५० मिमी आणि टेबलाचा वरचा पृष्ठभाग जमिनीपासून ७३०. या दोन्हींतला फरक २८० ते ३०० च्या आतच ठेवा. फरक वाढला तर खांदे उचलून जेवावं लागतं, कमी झाला तर मांडी टेबलाला लागते. सुतार बाकाचा प्लाय ४५० वर ठोकतो आणि त्यावर १०० मिमीची गादी येते, हा नेहमीचा घोळ. प्लाय ३६० ते ३७० वर हवा, म्हणजे बसल्यावर ४५० च्या आसपास येतं.

टेबल ७४० बाय ९५० मिमी. बाकांवर दोन्हीकडे ३० मिमी पुढे येतं, म्हणजे ताटातलं मांडीवर सांडत नाही. लांबीला बाकापेक्षा १०० मिमी आखूड ठेवलं की खिडकीकडे सरकून बसणाऱ्याला शिरायला जागा मिळते. बाहेरच्या नकाशांतलं ६०० मिमीचं टेबल त्यांच्या बशांसाठी ठीक असतं. आपलं ताट ३०० मिमीचं. समोरासमोर दोन ताटं ठेवली की ६०० संपले, आणि वाटी-तांब्याला काही उरत नाही. ७४० मध्ये मधोमध १४० ची पट्टी मिळते आणि बोळाच्या टोकाला आमटीचं पातेलं राहतं. कडेला ५ मिमी उंच पट्टी मारून घ्या. गाडी नेहमी सपाट जमिनीवर उभी राहत नाही.

टेबलाच्या पायाबद्दल. मध्ये एकच खांब आणि जमिनीत बसणारा गोल सॉकेट ही पद्धत स्वस्त आहे, पण एवढ्या मोठ्या टेबलाला ती डुलते आणि सॉकेटमध्ये वाळू जाऊन खांब अडकतो. काशीद किंवा दिवेआगरला दोन दिवस राहिलं की वाळू आत येणारच. भिंतीला अॅल्युमिनियमची रेल आणि बोळाकडे एक घडीचा पाय ही जोडी बरी. रेल नुसत्या पत्र्यात स्क्रूने लावली तर काही महिन्यांत भोक मोठं होऊन पत्रा फाटतो. ती बॉडीच्या पत्र्यामागच्या आडव्या-उभ्या लोखंडी कण्यांवर, एम-६ रिव्हनटमध्ये (भोकात पक्का बसणारा, आतून आटे असलेला नट) लावा, आणि कणा नसेल तिथे मागून ३ मिमीची पट्टी द्या. सगळीकडे नायलॉक, म्हणजे धक्क्यांनी सैल न होणारे नट. रात्री टेबल खाली उतरवून बाकांच्या कडेला मारलेल्या ३० मिमीच्या पट्ट्यांवर ठेवलं की ६८० ची फट भरते. चालत्या गाडीत टेबल सुटं राहता कामा नये. घाटात एका जोराच्या ब्रेकला ते पुढच्या माणसाच्या मानेवर येईल. भिंतीला उभं करून दोन कडी-अडसर लावायची सोय पहिल्याच दिवशी करा.

झोपण्याचं गणित. झोपणाऱ्याच्या उंचीपेक्षा बेड किमान ५० मिमी जास्त लांब हवा, १०० असेल तर उत्तम. बैठक १,८२० ची, पण पट्ट्याची ८० मिमीची फ्रेम रात्रीही जागेवरच राहते. म्हणजे झोपायला १,७४०. तुमच्याकडचा उंच माणूस १,६८० मिमीचा, म्हणून हे तंग आहे पण चालतं. टॉयलेट ८५० चं केलं असतं तर इथे १,६७० उरले असते आणि पाय दुमडून झोपावं लागलं असतं. रुंदी १,०५० दोघांना कमी आहे. बाकाखालून १७० मिमी बाहेर ओढायची लाकडी पट्ट्यांची सरकती फळी करा, म्हणजे चार फूट, १,२२० मिमी होतात. त्यासाठीच समोरची जागा मोकळी सोडली आहे. त्या वेळी दाराकडे ४४० मिमी शिल्लक राहतात, रात्री उतरावं लागलं तर पुरेसे.

मागचा आडवा बेड १,६६० लांब, आजी आणि मुलगी तिथे. आज ठीक आहे. मुलगी ५ फूट ३ इंचाच्या पुढे गेली की तिला तो बेड पुरणार नाही, हे आत्ताच धरून चाला. तेव्हा ती बैठकीवर आणि आई मागे अशी अदलाबदल होईल, तीही आई उंचीने बसत असेल तर. मागच्या बेडची उंची ५०० च्या वर नेऊ नका. खाली मोठी डिकी मिळते म्हणून ७५०-८०० करायचा मोह होतो, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला दर रात्री पायरी चढून झोपायला लावणं बरोबर नाही. आजीचा बेड कायमचा आहे, तो रोज मोडायचा-मांडायचा नाही, आणि टॉयलेट तिच्या बेडला लागून आहे. रात्री दोनला उठल्यावर कोणाला ओलांडावं लागत नाही. कोणत्याही नकाशाची ही परीक्षा घ्याच: सगळे झोपलेत असं धरून प्रत्येकाच्या बेडपासून टॉयलेटपर्यंत बोटाने रेघ ओढा. रेघ दुसऱ्याच्या अंगावरून गेली तर नकाशा बदला.

आता सीट आणि पट्टे, ज्यात तडजोड नको. चालत्या गाडीत चौघं बसतील: पुढे दोन, आणि बैठकीच्या मागच्या बाकावर पुढे तोंड करून दोन. मागे तोंड असलेला बाक फक्त जेवणासाठी. कसारा किंवा माळशेज घाटात उलटं बसलेल्या मुलांना हमखास गाडी लागते, आणि त्या बाकाला पट्टेही नसतील. मागच्या बाकाची फ्रेम तयार, चाचणी झालेली घ्या. ती पत्र्याच्या जमिनीला नव्हे तर जमिनीखाली मोठी पोलादी प्लेट देऊन चॅसिसच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याच्या, आडव्या बीमना आरपार बोल्ट करायची. बोल्टची जाडी आणि ग्रेड फ्रेमच्या कागदात दिलेली तीच. भोकं पाडण्याआधी खाली वाकून डिझेल टाकी आणि ब्रेकच्या नळ्या कुठून जातात ते बघा. प्लायच्या पेटीला पट्टे स्क्रू केलेल्या गाड्या सर्रास दिसतात. धक्का बसला की अख्खी पेटी माणसासकट उखडते.

कागदपत्रांचा संबंधही थेट टेबलाशी आहे. आपल्याकडे मोटर कॅरॅव्हॅनसाठी (कॅम्परचं कागदोपत्री नाव) एआयएस-१२४ हे मानक आहे. त्यात बसण्याच्या जागा आणि टेबल, झोपण्याची सोय (सीटची होणारीही चालते), स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवायची जागा या चारही गोष्टी लागतात. बाकी सगळं पक्कं बसवलेलं हवं, टेबल मात्र काढता येण्यासारखं चालतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे नोंदणीत लिहिलेल्यापेक्षा गाडी मनाने बदलता येत नाही. म्हणून वागळे इस्टेट किंवा महापे-रबाळेच्या पट्ट्यातल्या कुठल्याही फॅब्रिकेटरला आगाऊ रक्कम देण्याआधी विचारा: या मॉडेलला, या आसनसंख्येसह, चाचणी संस्थेची मान्यता आहे का? कागद बघा. आणि मान्य नकाशात बैठक कुठे आहे तेही बघा. नंतर ती हलवली तर आसनसंख्या आणि सीटच्या जागा बदलतात आणि आरटीओत गाडी अडकते.

वजन. बैठक पुढे घेण्याचं आणखी एक कारण इथे आहे. पाण्याची ८० लिटरची टाकी पुढच्या बाकाखाली, दोन्ही आसांच्या (चाकांच्या ॲक्सलच्या) मध्ये बसते. मागच्या आसाच्याही मागे टाकलेलं वजन तरफेसारखं काम करतं. समजा पाणी, बॅटरी आणि सामान मिळून २५० किलो मागच्या आसापासून ९०० मिमी मागे ठेवलं. ३,७०० व्हीलबेसवर मागच्या आसावर ३११ किलो येतात आणि पुढच्या आसावरून ६१ किलो उचलले जातात. पावसात, चढावर स्टिअरिंग हलकं लागतं ते यामुळे. टाकी आणि टॉयलेट उजवीकडे असल्याने बॅटरी डावीकडे, बेडच्या पुढच्या कोपऱ्यात, मागच्या आसाच्या शक्य तितकी जवळ घ्या. तिथून ओटाही लगेच आहे, आणि हे महत्त्वाचं: १,२०० वॅटचं इंडक्शन इन्व्हर्टरवर चालताना बॅटरीतून १०० अँपिअरच्या वर ओढतं, वायर जाड आणि आखूड हवी. १२.८ व्होल्ट २०० अँपिअर-अवरच्या लिथियम बॅटरीत २.५६ युनिट असतात. वरण-भात-भाजीला ४० मिनिटं इंडक्शन चाललं तर त्यातले सुमारे ०.९ युनिट जातात. सिलिंडर आत ठेवण्याच्या फंदात पडू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीवर साचतो, आणि तुमचा बेड जमिनीपासून अर्ध्या मीटरवर आहे.

घरगुती फर्निचर करणारे सुतार सवयीने सगळीकडे १८ मिमी प्लाय वापरतात. आठ बाय चारची १८ मिमी शीट साधारण ३५ किलो, १२ मिमीची २३ किलो. दहा शीट लागल्या तर शंभर किलोंच्या वर फरक पडतो, म्हणजे एका माणसापेक्षा जास्त. बाकांचा सांगाडा अॅल्युमिनियम चौकोनी पाइपचा आणि वर १२ मिमी आयएस-७१० ग्रेडचा (मरीन, पाण्याला टिकणारा) प्लाय पुरतो.

पावसाळा विसरून केलेला नकाशा आपल्याकडे चार महिने निकामी असतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बाहेर छत लावून जेवण्याचा बेत बाजूला ठेवा, सगळं आतच होणार. दाराच्या आत १,००० बाय ६०० मिमीच्या जागेत २० मिमी काठाचा ट्रे बसवा, चपला, छत्र्या तिथेच. बैठकीच्या दाराकडच्या कडेला बसण्याच्या उंचीपासून ३०० मिमी वर येणारी छोटी आडोशाची फळी करा, नाहीतर आत येणाऱ्याच्या रेनकोटचं पाणी गादीवर. ही फळी काढता येणारी हवी, कारण रात्री बेड रुंद करणारी सरकती फळी तिथूनच बाहेर येते. बाकाच्या प्लायला दर १०० मिमीवर ३५ मिमीची भोकं पाडा. ती नसली तर कोकणातल्या दमट हवेत झोपणाऱ्याच्या अंगाची ओल गादीखाली साचते आणि आठवड्यात काळी बुरशी येते. फोडणीची वाफ आणि तेल हा दुसरा शत्रू. छतातला ४०० बाय ४०० चा पंखा टेबलावर नको, ओट्यावर घ्या. टेबलावर लावला तर तो ओट्यावरचा धूर जेवणाऱ्यांच्या डोक्यावरून खेचून नेतो आणि वास कापडात बसतो.

सोसायटीत गाडी कुठे उभी राहणार तेही नकाशा ठरवण्याआधी मोजा. छतावर पंखा आल्यावर उंची वाढते, पोडियम पार्किंगच्या तोंडाशी असलेल्या उंचीच्या बारखालून ती जाणार नाही. उभी केल्यावर डावीकडचं दार पूर्ण उघडायला हवं, नाहीतर पाणी भरणं आणि सामान चढवणं मागच्या दारांतून, आजीच्या बेडवरून करावं लागेल.

ऑर्डर देण्याआधी गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये ३,९०० बाय १,६६० चा चौकोन मास्किंग टेपने आखा. बाकांच्या जागी खोकी, टेबलाच्या जागी पुठ्ठा, भिंतींच्या जागी कपडे वाळत घालायचे स्टँड. चौघांनी खरं जेवण वाढून घ्या आणि अर्धा तास बसा. खिडकीकडच्याला मध्येच उठायला लावा. एकाने ओट्यापाशी उभं राहायचं, दुसऱ्याने त्याच्यामागून टॉयलेटकडे जायचं. मग टेबल उतरवून बेड करायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. पाच मिनिटांच्या वर गेला तर रोज कोणी करणार नाही आणि टेबल कायमचं बेड होऊन बसेल. शक्य असेल तर भाड्याची कॅरॅव्हॅन घेऊन दोन रात्री काढा, शक्यतो पावसात.

काम पूर्ण झाल्यावर पाणी भरून, चौघांना बसवून कळंबोलीच्या किंवा जवळच्या कुठल्याही वजनकाट्यावर पुढचा आस, मागचा आस आणि पूर्ण गाडी अशी तीन वजनं घ्या आणि कंपनीने दिलेल्या मर्यादेशी ताडून बघा. मागचा आस मर्यादेच्या जवळ असेल तर आधी बेडखालचं सामान बैठकीखाली हलवा. गाद्या मात्र सगळ्यात शेवटी शिवायला द्या. ४० डेन्सिटीचा १०० मिमी फोम, चेनवालं कॉटनचं कव्हर, खालून जाळी. माप कागदावरून नाही, बसवलेल्या बाकावरून घ्यायचं, कारण सांगाडा बसेपर्यंत प्रत्येक बाक दहा-पंधरा मिमीने इकडेतिकडे झालेला असतो.